स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा लोकशाहीत उभी राहू शकते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस आहेत, न्यायालये आहेत. मग आणखी एक यंत्रणा कशासाठी?

साध्या चोरीच्या गुन्ह्यात चोर आणि त्याला पकडणारा पोलीस यांचा वरिष्ठ एकच नसतो. सत्तेतील भ्रष्टाचारात मात्र नेमके तेच होते. ज्या मंत्र्याच्या निर्णयाची चौकशी व्हायची, त्याचाच सहकारी गृहखाते सांभाळत असतो, आणि चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली, बढती व गोपनीय अहवाल त्याच खात्याच्या वाटेने जातात. अशा स्थितीत अधिकारी कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्यावर आपण एक अशक्यप्राय ओझे टाकत असतो.

म्हणून सरकारच्या साखळीबाहेर उभे राहून सरकारची चौकशी करणाऱ्या पदाची कल्पना पुढे आली. स्वीडनने १८०९ साली आपल्या राज्यघटनेत असे पद निर्माण केले. आपल्याकडे ‘लोकपाल’ हा शब्द १९६३ साली खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी रूढ केला आणि मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखालील प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ साली केंद्रात लोकपाल व राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली.

‘स्वतंत्र’ म्हणजे नेमके कोणापासून स्वतंत्र?

कायद्यात ‘स्वतंत्र’ हा शब्द लिहिल्याने कोणतीही संस्था स्वतंत्र होत नाही. नेमणूक कोण करते, पैसा कोण देते, तपासाची माणसे कोणाची आहेत आणि पुढचे पाऊल टाकताना कोणाची परवानगी लागते, हे चार प्रश्न विचारले की खरी स्थिती कळते. यांतील नेमणुकीवर वर्तमानपत्रांतून भरपूर चर्चा होते. माझ्या मते सर्वांत निर्णायक प्रश्न तिसरा, म्हणजे तपासाच्या माणसांचा आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

भारतात लोकपाल आहेच. मग शक्य आहे की नाही ही चर्चा संपली नाही का?

लोकपालाचा इतिहास पाहिला तर ती संपलेली नाही असेच म्हणावे लागेल. पहिले विधेयक १९६८ साली आले. लोकसभेने ते १९६९ मध्ये मंजूर केले; परंतु राज्यसभेची मंजुरी मिळण्याआधीच लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. त्यानंतर वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ते पुनःपुन्हा मांडले आणि दर वेळी ते कोठेतरी अडले. एप्रिल २०११ मध्ये जंतर-मंतरवर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर अण्णा हजारे यांनी उपोषण केल्यानंतर संसदेला विषय टाळता आला नाही. लोकपाल व लोकायुक्त कायदा डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला आणि १६ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला.

यानंतरचा भाग लोकांच्या स्मरणात फारसा राहिलेला नाही. पहिले लोकपाल, न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष, यांची नेमणूक मार्च २०१९ मध्ये झाली. म्हणजे कायदा अंमलात आल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ पद रिकामे राहिले. निवड समितीत लोकसभेतील विरोधी पक्षनेत्याचा समावेश आहे, परंतु २०१४ नंतर कोणालाच ते अधिकृत पद मिळाले नव्हते, हे कारण पुढे केले गेले. कायदा आहे तसाच राबवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट केले, तरीही आणखी दोन वर्षे गेली. न्यायमूर्ती घोष मे २०२२ मध्ये निवृत्त झाल्यावर जवळजवळ दोन वर्षे पूर्णवेळ अध्यक्ष नव्हता. मार्च २०२४ मध्ये मूळचे पुण्याचे न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी पदभार घेतला.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संस्था मोडण्यासाठी कायदा रद्द करण्याची गरज नसते. खुर्ची रिकामी ठेवली तरी पुरते. त्यामुळे पद रिकामे झाल्यापासून ठराविक दिवसांत नेमणूक झालीच पाहिजे, असे बंधन कायद्यात असणे मला अत्यावश्यक वाटते.

महाराष्ट्रात लोकायुक्त पन्नास वर्षांहून अधिक काळ आहेत. त्यांचा धाक का वाटत नाही?

प्रत्यक्ष लोकायुक्त नेमणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य आहे, आणि याचा आपल्याला रास्त अभिमान असावा. महाराष्ट्र लोकायुक्त व उपलोकायुक्त अधिनियम १९७१ चा आहे. पुढील वर्षी कार्यालय सुरू झाले. रखडलेले निवृत्तिवेतन, न मिळालेली भरपाई, वर्षानुवर्षे न हललेली फाइल अशा बाबतींत या कार्यालयाच्या एका पत्राने कामे झाल्याचे अनेकांना ठाऊक आहे. ते काम लहान नाही.

परंतु त्या कायद्यानुसार लोकायुक्तांच्या हाती शेवटी शिफारसच असते. ती मानली गेली नाही तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, तो विधिमंडळासमोर ठेवला जातो आणि बहुतेकदा प्रवास तेथेच थांबतो. राळेगणसिद्धीत २०१९ च्या जानेवारीअखेर अण्णांनी पुन्हा उपोषण केले, त्यानंतर नव्या कायद्याच्या मसुद्यासाठी संयुक्त समिती नेमली गेली. त्यातून आलेले विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले. मुख्यमंत्र्यांना प्रथमच त्याच्या कक्षेत आणले गेले. मात्र त्यांची चौकशी सुरू करण्यापूर्वी विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागेल, अशी अट घातली गेली. ज्याच्यामागे सभागृहाचे बहुमत आहे म्हणून तो मुख्यमंत्री आहे, त्याच्या चौकशीसाठी त्याच सभागृहाचे दोन तृतीयांश मत मागणे म्हणजे दार उघडून आडवा अडसर घालणे होय. ही अट मला मान्य होण्यासारखी वाटत नाही.

शेजारच्या गोव्यातील अनुभव आणखी बोलका आहे. तेथील लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले. आपण दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही, असे सांगून, अशी संस्था ठेवण्यापेक्षा ती बंद करावी, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. आयुष्यभर न्यायदान केलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे गांभीर्य आपण ओळखले पाहिजे.

तपासाची माणसे स्वतःची असणे इतके महत्त्वाचे का?

सरकारी नोकरीत असताना मला एकदा लाचेच्या सापळ्यात पंच म्हणून बोलावले गेले होते. एका शेतकऱ्याच्या जमिनीच्या फेरफाराची नोंद अडली होती आणि त्यासाठी मागितलेली रक्कम त्याने घरातून आणली होती. प्रत्येक नोटेचा क्रमांक पंचनाम्यात लिहून घेतला. मग नोटांवर अँथ्रासीनची पूड लावली, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. ‘मागितल्याशिवाय द्यायचे नाही आणि दिल्यावर डोक्यावरून हात फिरवायचा’, असे त्या शेतकऱ्याला तीनदा समजावले गेले. इशारा झाला, पथक आत गेले आणि दिव्याच्या प्रकाशात घेणाऱ्याची बोटे चमकली. देणाऱ्या शेतकऱ्याचेही हात थरथरत होते, कारण त्याला उद्या त्याच कार्यालयात जायचे होते.

परत येताना पथकप्रमुखांना मी विचारले की असेच एखाद्या मोठ्या माणसाबाबत करता येईल का. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, तीन वर्षांनी मला परत पोलीस ठाण्यात जायचे आहे.” त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. परंतु त्या एका वाक्यात या संपूर्ण विषयाचे मर्म आहे. प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी मूळ खात्यात परत जाणार असतो, आणि जेथे परत जायचे तेथील लोकांना दुखावण्याची किंमत त्याला माहीत असते.

महाराष्ट्रातील लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ पासून काम करतो, पण तो गृहखात्याच्या अखत्यारीत आहे. लोकपालाच्या कायद्यात स्वतंत्र चौकशी संचालक आणि अभियोग संचालक यांची तरतूद आहे. तरीही ही पदे दीर्घकाळ भरली गेली नाहीत आणि चौकशीसाठी केंद्रीय दक्षता आयोग व सीबीआय यांच्याकडेच पाहावे लागले. त्या सीबीआयला मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणात ‘पिंजऱ्यातील पोपट’ म्हटले होते, कारण तपासाचा अहवाल न्यायालयात जाण्यापूर्वी सरकारमधील मंडळींनी तो पाहून त्यात बदल केले होते.

याउलट उदाहरण कर्नाटकाचे. तेथील लोकायुक्तांकडे स्वतःची पोलीस शाखा होती. न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणकामावरील अहवाल जुलै २०११ मध्ये दिला आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे २०१६ साली राज्य सरकारने वेगळा भ्रष्टाचार प्रतिबंधक विभाग काढून लोकायुक्तांचे हे बळ काढून घेतले. तो विभाग उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द ठरवला आणि अधिकार परत दिले. कर्नाटकात कायद्याचे नाव तेच होते, पद तेच होते. हाताखालची माणसे गेली तेव्हा दात गेले.

पूर्वपरवानगीची अट काढून टाकावी का?

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली घातलेल्या कलम १७ अ नुसार, अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाबाबत चौकशी करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. लाच घेताना जागेवर पकडले तर लागत नाही. परिणाम असा होतो की तलाठ्याला काही हजारांसाठी रंगेहाथ पकडणे सोपे राहते आणि फाइलवरील एका शेऱ्याने कोट्यवधींची जमीन देणाऱ्याकडे जाण्याची वाट लांब होते.

त्यानंतर कलम १९ नुसार खटला चालवण्यासाठी वेगळी मंजुरी लागते. मुंबईतील आदर्श इमारतीच्या प्रकरणात माजी मुख्यमंत्र्यांवर खटला चालवण्यास राज्यपालांनी डिसेंबर २०१३ मध्ये नकार दिला, पुढील राज्यपालांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये परवानगी दिली आणि ती मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. कोण दोषी, कोण निर्दोष, हा मुद्दा येथे नाही. मूळ आरोप खरे की खोटे याची सुनावणी होण्याआधी चार वर्षे परवानगीच्याच प्रश्नावर गेली, हा मुद्दा आहे. आरोप झालेल्या व्यक्तीलाही यातून न्याय मिळत नाही.

या अटीच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद खोटा नाही. चुकलेला निर्णय आणि भ्रष्ट निर्णय यांत फरक आहे, आणि चौकशीच्या भीतीने अधिकारी सहीच करेनासे झाले तर नुकसान जनतेचेच होते. उपाय असा की परवानगीचा अधिकार सरकारकडून काढून त्या स्वतंत्र संस्थेच्याच पीठाकडे द्यावा. लोकपाल कायद्याने खटल्याच्या मंजुरीबाबत हेच केले आहे आणि ती त्या कायद्यातील सर्वांत शहाणी तरतूद आहे.

परदेशात हे कोठे साधले आहे का?

हाँगकाँगचे उदाहरण नेहमी दिले जाते. पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना १९७३ मध्ये इंग्लंडला पळाला, लोक रस्त्यावर आले आणि १९७४ मध्ये तेथे स्वतंत्र आयोग स्थापन झाला. तपास, प्रतिबंध आणि लोकशिक्षण अशी त्याची तीन अंगे होती. त्याचे यश खरे आहे, पण हाँगकाँग तेव्हा ब्रिटिश वसाहत होती आणि आयोगामागे लोकांनी न निवडलेल्या गव्हर्नरची ताकद होती. तेव्हा लोकशाहीतील शक्यतेचा पुरावा म्हणून ते पुरेसे नाही.

मला ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. तेथे १९८८ मध्ये निक ग्रायनर यांच्या सरकारने स्वतंत्र आयोगाचा कायदा केला, आणि १९९२ मध्ये त्याच आयोगाच्या निष्कर्षांमुळे ग्रायनर यांना पद सोडावे लागले. पुढे न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला, हेही सांगितले पाहिजे. २०१४ मध्ये मुख्यमंत्री बॅरी ओफॅरल यांनी सुमारे ३,००० डॉलर किमतीची वाइनची बाटली भेट मिळाल्याचे आयोगासमोर शपथेवर नाकारले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातील आभाराची चिठ्ठी पुढे आली आणि त्यांनी राजीनामा दिला. जाणूनबुजून खोटे बोलल्याचा ठपका आयोगाने ठेवला नाही, तरीही ते पदावर राहिले नाहीत. एका बाटलीच्या चिठ्ठीपर्यंत पोचणारी चौकशी निवडून आलेल्या सरकारच्या राज्यात होऊ शकते, हे त्यातून दिसते.

अशी संस्था यशस्वी झाली तर राजकारणी ती मोडून टाकणार नाहीत का?

प्रयत्न जवळजवळ नक्की होतो, आणि तो संस्था निष्प्रभ असताना होत नाही, परिणामकारक ठरल्यावर होतो. इंडोनेशियाचा आयोग २००३ साली सुरू झाला आणि त्याने मंत्री, राज्यपाल, खासदार यांना तुरुंगात पाठवले. संसदेचे अध्यक्ष राहिलेल्या सेत्या नोवांतो यांना २०१८ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच वर्षी कायदा बदलून आयोगाच्या कर्मचाऱ्यांना सरकारी नोकर करण्यात आले आणि वर देखरेख मंडळ बसवले गेले. विद्यार्थी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरले, पण कायदा टिकला. २०२१ मध्ये एका चाचणीचे निमित्त करून पन्नासहून अधिक कर्मचारी काढले गेले, ज्यांत अनुभवी तपास अधिकारी होते. येथेही घाव माणसांवरच घातला गेला.

दक्षिण आफ्रिकेत ‘स्कॉर्पिअन्स’ हे विशेष तपास पथक सत्ताधारी पक्षाने बरखास्त केले. परंतु मार्च २०११ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने निकाल दिला की पुरेशी स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा ठेवणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्यच आहे. युक्रेनमध्ये जुलै २०२५ मध्ये अशा दोन संस्थांची स्वायत्तता काढणारा कायदा झाला. युद्ध चालू असतानाही लोक चौकांत जमले, युरोपीय संघाने दबाव आणला आणि दहा दिवसांच्या आत संसदेला तो फिरवावा लागला.

घटनेत स्थान दिले तर प्रश्न सुटेल का?

मोडणे अवघड होईल, एवढे नक्की. निवडणूक आयोग आणि महालेखापरीक्षक यांना घटनेचा आधार आहे, लोकपालाला नाही. डिसेंबर २०११ मध्ये लोकसभेत लोकपाल विधेयक मंजूर झाले, पण त्याला घटनात्मक दर्जा देणाऱ्या दुरुस्तीला आवश्यक बहुमत मिळाले नाही. तो मुद्दा पुन्हा कोणी नेटाने लावून धरला नाही, याची मला खंत वाटते.

रखवालदारावर रखवाली कोण करणार? आणि निवडून न आलेल्यांना इतकी सत्ता द्यावी का?

शंका रास्त आहे. कर्नाटकात २०१५ साली लोकायुक्तांच्या कार्यालयातूनच खंडणी मागितल्याचे आरोप झाले आणि वर्षाअखेर लोकायुक्तांना पायउतार व्हावे लागले. म्हणून अशा संस्थेने स्वतः शिक्षा देऊ नये. तिने तपास करावा, खटला न्यायालयात न्यावा आणि निकाल न्यायाधीशाने द्यावा. तिच्या प्रमुखाला हटवण्याचा मार्ग असावा, पण तो सरकारच्या मर्जीवर नसावा. लोकपालाबाबत किमान १०० खासदारांच्या सह्यांच्या अर्जानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीतून हा मार्ग जातो. संस्थेने दर वर्षी किती तक्रारी घेतल्या, किती फेटाळल्या आणि का, हे लोकांसमोर मांडणेही तितकेच आवश्यक आहे.

आपल्याकडे या प्रश्नावर हमखास रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव निघते. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल त्यांनी रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवले, याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण त्या निवाड्यानंतर पुणे सोडावे लागले ते शास्त्रीबुवांना. दोषी मसनदीवरच होता. रामशास्त्री बाण्याच्या माणसाला पुणे सोडावे लागू नये, अशी व्यवस्था लिहून काढणे हे आपले काम आहे.

तक्रार करणाऱ्याच्या संरक्षणाचे काय?

ही सर्वांत दुखरी जागा आहे. तळेगावात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जानेवारी २०११ मध्ये तेलमाफियाने जाळून मारले. जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि तो अंमलात आणण्याची अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे निघाली नाही. हा कायदा लागू झाल्याशिवाय कोणत्याही लोकपालाकडे मोठ्या प्रकरणांची माहिती घेऊन कोणी का यावे?

आज माझ्याकडे तक्रार आहे. मी काय करावे?

महाराष्ट्रात कोणी लाच मागत असेल तर पैसे देण्याआधी १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाशी संपर्क साधावा. दिल्यानंतर सापळा लावता येत नाही. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याविरुद्ध किंवा खासदाराविरुद्ध तक्रार असेल तर लोकपालाकडे विहित नमुन्यात, प्रतिज्ञापत्रासह अर्ज करावा लागतो आणि घटना सात वर्षांहून जुनी चालत नाही. खोटी तक्रार सिद्ध झाल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, म्हणून ऐकीव गोष्टी आणि स्वतः पाहिलेल्या गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात. अर्जाची पोच घ्यावी, तिच्यावर तारीख व शिक्का आहे का ते तेथेच पाहावे, आणि तिची एक प्रत घराबाहेर, विश्वासातील माणसाकडे ठेवावी.